एलिमानचं पुटपुटणं

एलिमान गेला आणि मारेमच्या घरातलं पुटपुटणं थांबलं. बाकी सगळं चालूच राहिलं. काओलाक शहरातल्या त्या गल्लीतून घोडागाड्या खडखडत जात होत्या, संध्याकाळच्या चेऱ्यासाठी, म्हणजे वाफवलेल्या कण्यांसाठी, अंगणात बाजरी कांडली जात होती, शेजारची कोंबडी नेमकी मारेमच्याच पिठात चोच घालत होती. पण दुपारनंतरची नमाज झाली की कडुलिंबाखाली, मेंढीच्या कातड्यावर बसून, हातात माळ घेऊन एलिमान जे काही पुटपुटायचा ते बंद झालं, आणि त्या वेळेला मारेमला काय करावं तेच सुचेना. मुसळ हातात तसंच राहायचं.

एलिमान तिजानी या सूफी पंथाचा. तरुणपणीच त्यानं विर्द घेतला होता, म्हणजे अधिकारी माणसाकडून नेमाचा जप मागून घेतला होता. सकाळी एकदा, दुपारनंतर एकदा, मरेपर्यंत. हा जप कोणी सहज घेत नाही, कारण एकदा घेतला की सुटत नाही. म्हणून तर गल्लीतल्या बायका तो पुढे ढकलत राहतात. मुलं मोठी होऊ देत, सून येऊ दे, गुडघे दुखायला लागू देत, मग बघू! मारेमही त्यातलीच. पाच वेळची नमाज तिनं कधी चुकवली नाही, उगाच कोणी नावं ठेवायला नकोत, पण जप हा एलिमानचा प्रांत. तो कधीमधी म्हणायचा, "घे ना तूही." ती म्हणायची, "तू कर माझ्या वाटचा, मी कांडते तुझ्या वाटचं." दोघांचंही बरं चाललं होतं.

विधवेनं पाळायची मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी मारेमनं हातपाय धुतले, कातडं झटकून अंथरलं, माळ घेतली आणि एलिमानच्या जागेवर बसली.

आता इथे नीट ऐका, कारण पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो. बसली खरी, पण म्हणत काय होती? शब्द तर तिला ठाऊकच नव्हते. इतकी वर्षं संसार केला, पण ती असायची अंगणाच्या त्या टोकाला, मुसळाच्या धपधपीत, आणि पाणी घेऊन जवळ गेली की हा तोंड मिटायचा. तिला ठाऊक होता तो फक्त आवाज. सुरुवातीला खाली, घशात अडकल्यासारखा. मग जरा वर चढायचा, मध्येच थांबायचा, आवंढा गिळल्यासारखा, आणि पुन्हा खाली. तेवढंच ती करू लागली. शब्द नाहीत, नुसतं पुटपुटणं.

आणि गंमत बघा, तिला बरं वाटलं! डोळ्यांतून पाणी आलं, छातीवरचा धोंडा हलला. उठून तिनं अशी बाजरी कांडली की शेजारीण विचारायला आली, आज काय पाहुणे यायचेत का म्हणून. दुसऱ्या दिवशीही तेच. मारेमला वाटलं, हाच तो जप, हीच ती शांती, आणि आपण वेड्यासारख्या इतकी वर्षं लांब राहिलो.

मग एक दिवस सेनाबू आली. सेनाबू म्हणजे एलिमानची धाकटी बहीण, मारेमची नणंद. त्या मुलखात नणंदेचा मान मोठा आणि सेनाबूचं तोंड त्याहून मोठं. ती मागे येऊन किती वेळ उभी होती कोण जाणे.

"वहिनी, काय म्हणत होतीस गं?"

"तुमचे भाऊ म्हणायचे ते, वन्सं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... तेच."

"मोठ्यानं म्हण बघू."

मारेमनं भाबडेपणानं मोठ्यानं म्हणून दाखवलं. सेनाबू आ वासून बघत राहिली.

"अगं बये! हा जप आहे की बाटलीत भुंगा अडकलाय?" ती म्हणाली. "एक शब्द तरी आहे का यात? आणि परवानगी कोणाची घेतलीस?"

"बसायला कसली परवानगी?"

"झालं! परवानगी न घेता बसली! फसलीस आता. जप सोडता येत नाही, ठाऊक आहे ना?"

"पण मी तो घेतलाच कुठे?"

"मग रोज बसतेस कशाला?"

"बरं, उद्यापासून नाही बसत."

"म्हणजे सोडलास! सोडणाऱ्याचं काय होतं ते ऐकलंयस का कधी?"

मारेमच्या डोक्याचा पार भुगा झाला. घेतलाच नाही तर सोडणार काय? आणि सोडता येत नसेल तर घेतला केव्हा? सेनाबू निघून गेली आणि मारेम मुसळाला टेकून बसून राहिली. चेरे त्या दिवशी गोळाच झाले.

सकाळ होताच ती सईदा रोखाया यांच्याकडे गेली. सईदा रोखाया म्हणजे विर्द देण्याचा अधिकार असलेली बाई, वयानं मोठी, अंगानं काटकुळी. ओसरीवर बसून अंबाडीची लाल फुलं निवडत होत्या. मारेमनं सगळं सांगितलं. सईदा हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

"तुझी नणंद घाबरवते छान," त्या म्हणाल्या. "जे कोणी दिलंच नाही त्यानं तू बांधली गेलेली नाहीस. ऊठ, घरी जा, मोकळी आहेस."

खरं म्हणजे तिथंच विषय मिटायचा. पण मोकळी म्हटल्यावर मारेम जागची उठेना. मोकळी म्हणजे पुन्हा ती दुपार, ते रिकामं कातडं, ते हातातलं मुसळ. ती म्हणाली, "आई, मग तुम्हीच द्या मला. रीतसर."

सईदांनी तिला नियम सांगितले. नमाज वेळेवर. कोणाशी वैर धरायचं नाही, नणंदेशीसुद्धा. आणि हे मरेपर्यंतचं, कंटाळा आला म्हणून ठेवून देता येणार नाही. "विचार करून सांग," त्या म्हणाल्या. मारेमनं विचार केला नाही, लगेच हो म्हणाली. मग सईदांनी तिचा हात हातात घेऊन एकेक शब्द सांगितला आणि तिच्याकडून घटवून घेतला.

आता शब्द आले आणि शांती गेली!

कातडं तेच, झाड तेच, पण मारेम बसली की अंग खाजायचं. माळेचे मणी दोन-दोन सरकायचे. तोंडात अल्लाचं नाव आणि डोक्यात बाजरीचा भाव. कधी डुलकी लागायची, कधी सेनाबूला द्यायची राहिलेली उत्तरं एकापाठोपाठ सुचायची, आणि काय झकास सुचायची! आपण कुठवर आलो होतो हे विसरायचं, की पुन्हा पहिल्यापासून. सगळ्यात वाईट म्हणजे, शब्द म्हणताना मधूनच घशात ते जुनं पुटपुटणं उसळून यायचं आणि ती ते पाप असल्यासारखं गिळून टाकायची. ते गिळलं की एलिमान आणखी थोडा लांब जायचा. रडूही येत नव्हतं. आणि हे असं मरेपर्यंत करायचं होतं.

शेवटी ती पुन्हा ओसरीवर जाऊन उभी राहिली.

"आई, परत देता येतो का?"

"कापड आहे का ते, रंग आवडला नाही म्हणून परत द्यायला?"

"मग मी काय करू?" मारेमचा बांध फुटला. "काही येत नव्हतं तेव्हा माझं मन लागत होतं. आता सगळं पाठ झालंय तर आत नुसता खडखडाट. खरं कुठलं मग? तेव्हा मी कोणापुढे बसत होते, अल्लापुढे की माझ्या नवऱ्यापुढे? मला काहीच कळेनासं झालंय."

सईदांनी हातातली फुलं खाली ठेवली. "ते पुटपुटणं मला ऐकव."

मारेमनं लाजत लाजत ऐकवलं. सईदांनी डोळे मिटून ऐकलं, पुन्हा ऐकवायला सांगितलं, आणि मान हलवली.

"हा आपला जप नव्हे, पोरी. आपला जप इतकी वळणं घेत नाही. एलिमान हे म्हणत असेल तर ते दुसरंच काहीतरी आहे. काय ते मला कसं कळणार? त्याच्या शेजारी कोण बसायचं त्याला विचार."

घ्या! म्हणजे इतकी वर्षं जे जप म्हणून ऐकलं तेही जप नव्हतं. मारेम तिरीमिरीत निघाली ती थेट बिरान सेकच्या दुकानावर. बिरान शिंपी, एलिमानचा जिवाभावाचा दोस्त. रोज दुपारनंतर तो यायचा, दोघं शेजारी शेजारी बसून जप करायचे आणि मग चहा उकळत तासभर गप्पा. एलिमान गेल्यावर त्याचं येणं थांबलं, विधवेच्या अंगणात परक्या पुरुषानं रोज बसणं बरं दिसत नाही म्हणून.

मारेम माहेरची गेय कुळातली. गेय आणि सेक यांच्यात थट्टेचं नातं, पिढ्यान् पिढ्यांचं, त्यामुळे बिराननं तिला पाहताच तोंड उघडलं. "गेयांची लेक आली आणि हातात ताट नाही? सगळं वाटेतच चापलंस वाटतं!"

"सेकच्या दारावरून ताट नेलं तर पुढे पोचतं का कधी?" सवयीनं तिच्या तोंडून गेलं. पण हसू आलं नाही. "भावोजी, मशीन थांबवा. हे ऐका."

तिनं पुटपुटून दाखवलं. बिरानचा पाय मशीनच्या पायट्यावरून खाली आला. 

"हुबेहूब," तो म्हणाला. "हे जपातलं नाही, वहिनी. जप तो मनातल्या मनात करायचा, ओठसुद्धा हलायचे नाहीत. हे त्याच्या नंतरचं. हात पसरून मागायचा ते."

"काय मागायचे?"

"ते त्याचं आणि अल्लाचं. मी कोण सांगणारा?"

"मग तुम्ही ऐकलंत कशाला?"

"शेजारी बसायचो, वहिनी. कान काय खिशात घालून ठेवू?"

"भावोजी, मी रोज तेच म्हणत बसत होते. माझ्या तोंडून काय गेलं ते मला कळायला नको?"

 बिराननं टोपी काढली, पुन्हा घातली.

"तुझं नाव घ्यायचा," तो म्हणाला. "दुवा मागताना आईचं नाव लावून घेतात तसं. मारेम, दिबोरची लेक. म्हणायचा, तिला माझ्याआधी नेऊ नकोस. रोज एवढंच. मग थांबायचा जरा. आणि म्हणायचा, मला ते सहन व्हायचं नाही."

मारेम तिथल्या बाकावर बसली. तिला आधी खूप बरं वाटलं, इतकं की पदरानं तोंड झाकून घ्यावं लागलं. हा माणूस! कधी तोंडावर चांगलं बोलला नाही, चेऱ्यात मीठ कमी आहे एवढंच सांगायचा. आणि रोज हे?

मग हळूहळू दुसरं काहीतरी वर आलं.

"म्हणजे त्यानं मागितलं की मागे मीच उरावं," ती म्हणाली. एलिमानला ती आता एकेरीत बोलत होती, परक्यासमोर पहिल्यांदा. "आणि अल्लानं ते दिलं."

बिराननं मशीनवरचं कापड बाजूला सारलं.

"मला सहन होईल की नाही, हे विचारलं का कोणी? मेल्यानं सगळं स्वतःपुरतं मागितलं!" आणि तिला एकदम हसू फुटलं, आणि हसताहसता रडू. "आणि मी बघा! तो गेल्यावरसुद्धा त्याच्याच जागेवर बसून, त्याच्याच आवाजात, तेच मागत होते. मिळून गेलेलं! मिळालं म्हणून तर मी तिथे बसले होते!"

रागवावं की त्याला जवळ घ्यावं हे तिला कळेना, आणि जवळ घ्यायला तो नव्हताच. बिराननं तिला पाणी दिलं. ती उठली आणि घरी गेली.

दुपारनंतरची नमाज झाली. मारेमनं कातडं अंथरलं आणि सईदांनी दिलेले शब्द म्हणू लागली. मन काही जागेवर आलं नाही. मणी निसटले, ती चुकली, पुन्हा पहिल्यापासून धरलं. जप कसाबसा पूर्ण झाला. मग तिनं हात पसरले. एरवी इथे ती पटपट मागून मोकळी व्हायची, मुलांची तब्येत, थोडा पाऊस, थोडा धंदा, आमीन. आज त्यातलं काही तोंडात येईना. घशात ते जुनं पुटपुटणं उसळलं. ते तिनं गिळलं नाही, पण बाहेरही येऊ दिलं नाही. एलिमानचं मागून झालं होतं.

फाटकातून सेनाबू आत येत होती, ती मारेमचा चेहरा पाहून जागच्या जागी थांबली.

"या अल्ला," मारेम म्हणाली, अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "एलिमान, अरामचा लेक. त्याचं ऐकलंस ना? आता त्याला एवढं सांग, मलाही सहन होत नाही."