हवा साफ असली तर

अख्ख्या हिंदुस्थानात आमच्या भाऊजींइतका सुंदर थांबणारा माणूस दुसरा झाला नसेल, हे मी छातीठोकपणे सांगते. विमानं उडवणारे ढीगभर असतील. विमान दारात उभं असताना चार-चार दिवस शांतपणे न उडवणारा एकच, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. भाऊजी कपाशीवर विमानातून औषध फवारायचे. कंपनी पुण्याची, ताईचा संसारही तिकडेच. पण सत्तर-पंच्याहत्तरच्या सुमाराला दर हंगामात कंपनी त्यांना नागपूरला पाठवायची. विमान सोनेगावच्या विमानतळावर आणि शेतं काटोल-कळमेश्वरकडे. आभाळ भरून आलं की कंपनीने दिलेलं हॉटेल सोडून स्वारी पिशवी घेऊन आमच्या वस्तीत हजर. मग काय, ढग हटेपर्यंत जावई आमच्या उरावर.

बरं, पायलट म्हटल्यावर माणूस कसा असावा? गॉगल, ऐट, दोन-चार इंग्रजी शब्द. आमचं हे ध्यान दिवाणखान्यात मांडी ठोकून स्वेटर विणायचं! खरं सांगते, लोकरीचा गुंडा पायाशी, दोन सुया हातात आणि नजर खिडकीतून ढगांवर. नागपुरात सप्टेंबर महिन्यात लोकर नुसती पाहूनही घाम फुटतो, पण त्यांना त्याचं काही नाही. आमच्या घरात स्वेटरवरून पाऊस मोजायचे. पाऊस लवकर आटोपला तर आईला बिनबाह्यांचा, लांबला तर पूर्ण बाह्यांचा. एका वर्षी झड अशी लागली की शेजारच्या दोघींनाही मिळाले. गल्लीतल्या बायका टाके शिकायला यायच्या आणि बाबांचा जीव खालीवर व्हायचा. "अवं, पडदा तरी लाव," ते आईला हळूच म्हणायचे, "पायलट हाय तो. लोकं काय म्हणतीन?"

शिवाय तपासल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, ही दुसरी खोड. स्टोव्ह पेटवायच्या आधी ते त्याच्याभोवती असे फिरायचे की आईला वाटे आता हा उडतो. मी तेव्हा शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. एकदा उशीर झाला म्हणून मी त्यांना म्हटलं, "भाऊजी, जरा सायकल काढून देता का?" त्यांनी सायकलला एक प्रदक्षिणा घातली, दोन्ही चाकं दाबली, ब्रेक ओढून पाहिले आणि कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. "पुढचा ब्रेक धरत नाही. आज चालत जा." मी आदळआपट केली, ताईला पत्र लिहीन म्हणून धमकी दिली. शेवटी चालत गेले आणि मोठ्या बाईंची बोलणी खाल्ली. संध्याकाळी येऊन पाहते तर ब्रेक दुरुस्त झालेला आणि हे पुन्हा विणत बसलेले.

आमच्या बाबांचा मात्र या जावयावर भलता अभिमान. त्यांची उभी हयात मिलमध्ये साच्यावर कापड विणण्यात गेली. छप्पन साली दीक्षेच्या त्या अफाट गर्दीत ते ताईला खांद्यावर घेऊन उभे होते. त्या लेकीला पुढे पायलट नवरा मिळाला, याचं त्यांना इतकं अप्रूप होतं की विमानाचा आवाज आला की ते जेवणावरून उठून अंगणात जायचे. आमच्या समाजात तेव्हा विमान जवळून पाहिलेला माणूससुद्धा विरळा. एका वर्षी बाबांच्या मनात आलं, दसऱ्याला वस्तीची मिरवणूक दीक्षाभूमीकडे निघाली की जावयाने वरून फुलं टाकावीत. भाऊजींनी परवानग्या काढल्या, औषधाची टाकी स्वतः धुतली आणि म्हणाले, "हवा साफ असली तर टाकेन." बाबांनी वस्तीत सांगितलं, "आमचा जावई वरून फुलं टाकीन." मधलं काय गळलं ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

आदल्या दिवशी घरोघरच्या बायका झेंडूच्या पाकळ्या सोडवायला आमच्या ओसरीवर बसल्या. पोती भरली. सकाळी पाहिलं तर आभाळ कुंद. भाऊजी कोपऱ्यावरच्या दुकानातून विमानतळावर फोन करून आले आणि त्यांनी बूट काढून ठेवले.

"आज नाही."

"पाऊस तर नाई पडून राहिला," बाबा म्हणाले.

"पाऊस नाही, पण ढग खाली आहेत. फुलं टाकायला मला त्यांच्याही खाली यावं लागेल. खाली तारा आहेत, माणसं आहेत."

"साऱ्या वस्तीले सांगून बसलो मी. नाक कापलं जाईन माझं." भाऊजींनी बूट उचलून कोपऱ्यात सरकवले, तेव्हा बाबांच्या तोंडून गेलं, "भेव लागते का तुमाले?"

आईने कपाळावर हात मारला. जावयाला असं कोणी बोलतं का? भाऊजी शांतपणे म्हणाले, "लागतं, बाबा. रोज लागतं."

आणि आभाळाचा खट्याळपणा बघा! मिरवणूक निघायला आणि लख्ख ऊन पडायला एकच गाठ. पंचशील झेंडे उन्हात झळकत होते आणि जो तो मान वर करून विमान शोधत होता. "काहून गा, जावयाचं विमान पंक्चर झालं का?" कोणीतरी ओरडलं. बाबा दारातून आत आले.

मला राहवलं नाही. "भाऊजी, सकाळी निघाला असता तर जमलं असतं ना?"

"जमलं असतं," ते म्हणाले. "पण ते आत्ता कळलं. सकाळी कळलं नव्हतं."

मग या माणसाने काय करावं? एक पोतं खांद्यावर टाकलं, कोपऱ्यावरच्या दुमजली घराच्या गच्चीवर चढले आणि ओंजळी भरभरून फुलं टाकायला लागले. खाली हशा पिकला. "वा रे पायलट!" पण भाऊजींच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पेरणी करावी तसे ते सगळीकडे सारखी फुलं टाकत राहिले. खिडकीतून ते पाहून बाबा उठले. मला वाटलं, आता जावयाला खाली ओढून आणतात. मी मागोमाग धावले. दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून ते कठड्याशी गेले, खाली वाकून पाहिलं आणि तसेच उभे राहिले. खाली माणसाला माणूस चिकटलेला. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, बापांच्या खांद्यांवरची पोरं, सगळी आमचीच. त्यांच्या डोक्यांवरून विजेच्या तारा गेलेल्या. बाबा बराच वेळ तारांकडे बघत होते.

मग त्यांनी पोत्यात हात घातला. एक ओंजळ टाकली, दुसरी टाकली आणि खालच्या हसणाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोरगी दिली तवा मी विमान पाहून दिली होती. माणूस मले आज दिसला."

भाऊजींनी तोंड फिरवलं. त्या दिवशी मला त्यांचा जो अभिमान वाटला, तो कुणी आकाशात कोलांट्या मारूनही वाटला नसता.

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी पुण्याला गेले होते. ताई भाऊजींच्या पांढऱ्या केसांना तेल लावत होती आणि दोघं कुठल्यातरी क्षुल्लक गोष्टीवरून भांडत होते. भाऊजींच्या बरोबरीच्या किती पायलटांचे फोटो भिंतीवर तरुणच राहिले, ते ताईला नावानिशी ठाऊक आहे. "ऐकत नाहीत गं हे, म्हातारे झाले अगदी," ती मला म्हणाली. मी म्हटलं, "झाले खरे," आणि उगीचच माझे डोळे भरून आले.