फाटकापाशी थांबून राहिलो

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. आधीच सांगून टाकतो — या गोष्टीत भूत नाही, अमावस्या नाही, पिंपळही नाही. यातली सगळी माणसं जिवंत आहेत आणि बहुतेक गोंदियाजवळच्या आमच्या आमगावातच चहा पिताना भेटतील. घडलं ते भरदिवसा, माझ्या मोटर वायंडिंगच्या दुकानात. मी तांब्याची तार गुंडाळणारा माणूस. मोटर फिरत नसेल तर तार कुठेतरी तुटलेली असते नाहीतर जळलेली असते, बाकी सगळ्या बाता, असं मी गिऱ्हाइकांना सांगत आलो. माझी ही मिजास एका सीडीने उतरवली... आणि सीडीही दुसऱ्या कोणाची नाही, आमचीच.

आमचा रॉक बँड होता. हसू नका. जिथे धान पिकतं तिथे इलेक्ट्रिक गिटारही वाजू शकते. बँडचं नाव 'बांधी'. आमच्याकडे धानाच्या शेतातल्या एकेका तुकड्याला बांधी म्हणतात. बँडशी नाव जुळतंय म्हणून प्रशांतने ते ठेवलं. प्रशांत शाळेत मराठीचा मास्तर, गिटार वाजवायचा आणि गाणी लिहायचा. बास गिटारवर गोंदियाचा मुन्ना, त्याला हिंदीशिवाय काही येत नाही. ड्रमवर मी. आणि गायला योगेश — सालेकशाकडचा, घरची शेती करणारा. त्याचा आवाज गोड वगैरे नव्हता. पण दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते, तिथे तो गायला लागला की पाळण्याच्या रांगेतली माणसं रांग सोडून आमच्याकडे यायची.

आमचं गाजलेलं गाणं 'फाटक'. रेल्वे फाटक बंद आहे, एक पोरगा सायकल धरून उभा आहे, पलीकडून ती चालली आहे आणि मालगाडी काही संपत नाही. एवढंच गाणं. त्यात परत परत येणारी ओळ होती, 'फाटकापाशी थांबून राहिलो'. आमच्याकडे 'मी थांबलो आहे' असं कोणी म्हणत नाही. आम्ही जाऊन राहतो, खाऊन राहतो आणि थांबूनही राहतो.

२००८ च्या सुमारास आम्ही एका स्पर्धेत गेलो. तिथे पुण्याकडचे एक परीक्षक होते. गाणं त्यांना आवडलं, पण स्टेजवरून म्हणाले, ''थांबून राहिलो' हे काय आहे? मुलांनो, जरा व्याकरणात लिहा.' हॉल हसला. मी ते तिथेच विसरलो. प्रशांत मात्र मराठीचा मास्तर पडला, त्याला ते लागलं. नव्या अल्बममध्ये 'फाटक' घ्यायचं ठरलं तेव्हा त्याने ओळ बदलली — 'फाटकापाशी थांबलो आहे.'

भांडण माझ्याच दुकानात झालं.

'काऊन बदलवतो?' योगेशने विचारलं.

'अर्थ तोच आहे ना.'

'तोच आहे तं मंग राहू दे. थांबलो आहे म्हंजे आता आला अन् पान खाऊन चालला. हा पोट्टा थांबूनच राहिला ना.'

'लोक हसतात योगेश.'

'मी बोलतो त्याले हसतात का? मंग मी कायले गाऊ?'

त्याने माईकची वायर नीट गुंडाळली, माझ्या काउंटरवर ठेवली आणि गेला. पुढे दीड-दोन वर्षं तो दुकानाची पायरी चढला नाही. गाणंही सोडलं. एकदा आठवडी बाजारात त्याची आई भेटली. म्हणाली, 'तुमचं भांडन झालं तं झालं, बावा. पन तो आता बैलामागं बी गात नाही. घरात मुका होऊन राहिला.' मला फार वाईट वाटलं. सोबत वाजवणाऱ्याला गायकाच्या श्वासाची सवय होते, ती मोडत नाही.

त्याच्या जागी समीर आला. गोंदियाचा, लग्नांत सिनेमाची गाणी म्हणणारा, गळा तयार. मराठी जेमतेम. प्रशांत सांगेल ते घोकायचा आणि तसंच्या तसं गायचा. नागपूरच्या स्टुडिओत रेकॉर्डिंगच्या वेळी प्रशांत काचेपलीकडे उभा राहून एकेक शब्द तपासत होता. 'थांबलो आहे' हे 'थांबून राहिलो'पेक्षा आखूड पडतं. ओळीत जरा जागा उरत होती, तिथे मी स्नेअर ड्रमवर एक टपली मारून ती भरली. हे मुद्दाम सांगतोय, पुढे कामाला येईल.

सीडी निघाली आणि ज्याच्या-त्याच्या तोंडाला काही धरबंधच राहिला नाही. गोंदियात म्हणाले, 'लड़का सुरीला है, पर वो पहलेवाला चिल्लाता था तो मज़ा आता था.' देवरीकडचा एक जण म्हणाला, 'हा तं दवाखान्यात नंबर पुकारल्यावानी गाते.' कॉलेजच्या पोरींना समीरच आवडला. तोंडावर सगळं ऐकून घेणारा समीर एकदा मला म्हणाला, 'भैया, मैं उसकी जगह थोड़ी आया हूँ, मुझे तो बुलाया गया था.' त्याचीही बाजू होतीच.

इथवर ठीक. कोणत्याही बँडचा गायक बदलला की हे होतंच. पण इंटरनेटवर आमच्या बँडचा एक ग्रुप होता, त्यावर वेगळंच सुरू झालं. एकाने लिहिलं, ''थांबलो आहे' काय? आमगावचा बँड पुण्याला राहायला गेला का?' त्याखाली दुसऱ्याने लिहिलं, 'स्टुडिओत जाऊनही 'थांबून राहिलो' सुधारता आलं नाही.' दोघांनी शिव्या घातल्या होत्या, आणि त्याही एकाच सीडीतल्या एकाच ओळीला! प्रशांतला वाटलं मुन्नाने घोळ घातला, आमच्या आधीच्या अल्बमची जुनी कॅसेट कुठेतरी मिसळली. मुन्ना म्हणाला, 'अरे, जुन्या कॅसेटमध्ये तर योगेश आहे. हे लोक समीरबद्दल बोलतायत.' म्हणजे तो हे हिंदीत म्हणाला, पण मुद्दा बरोबर होता.

मग माझ्या डोळ्यांदेखत घडलं. तुकारामभाऊ पाण्याची मोटर घेऊन आले होते, सोबत त्यांची मुलगी. मी सीडी लावली होती. ओळ आली तसे भाऊ खूश. 'हे बेस केलं. आपला शब्द ठेवला.'

मुलगी म्हणाली, 'कोणता शब्द, बाबा?'

'थांबून राहिलो.'

'तो "थांबलो आहे" म्हणून राहिला.'

मी ओळ परत लावली. परत तसंच. बापलेक माझ्यासमोर भांडायला लागले, मोटर बाजूला राहिली. मला स्वतःला स्वच्छ 'थांबलो आहे' ऐकू येत होतं, पाठोपाठ माझी टपली. मी मनाशी ठरवून टाकलं: भाऊंनी मंडईत योगेशचं गाणं ऐकलेलं, कान ओळखीचं तेच ऐकतो. तुटलेली तार सापडली म्हणून मी समाधानी झालो.

ते समाधान बँकेतल्या मॅडमनी घालवलं. त्या रत्नागिरीकडच्या, आमगावात नुकत्याच बदलून आलेल्या. टेबलफॅन दुरुस्तीला घेऊन आल्या. सीडी सुरू होती. जरा वेळ ऐकून त्या म्हणाल्या, 'अहो दादा, गाणं छान आहे. पण हा फाटकापाशी थांबला आणि मग तिथेच राहायला लागला का? घर-बिर बांधून?'

मला आधी कळलंच नाही. विचारलं, 'म्हणजे?'

'थांबून राहिलो म्हणतोय ना तो.'

त्यांनी हा प्रयोग आयुष्यात ऐकला नव्हता. ओळखीचं ऐकायला आधी ओळख तर हवी! मी ओळ पुन्हा लावली आणि विचारलं, 'मॅडम, इथे शेवटी ड्रमची एक टपली ऐकू येते का?'

'नाही. तिथे शब्द आहे की. तुमच्या टपलीला जागा कुठाय?'

त्या दिवशी मी फॅनची वायर उलटी जोडली. धंद्यात पहिल्यांदाच.

आम्ही सगळं करून पाहिलं. नागपूरला जाऊन मूळ रेकॉर्डिंग ऐकलं. तिथे 'थांबलो आहे' आणि टपली. समीरला विचारलं, तो म्हणाला, 'प्रशांत भैया ने जो बोला वही गाया.' प्रशांत वैतागून म्हणाला, 'ज्यांना जे ऐकायचं ते ऐकू दे, मला आता ते गाणंच नको.' मग विषय बंद.

आणि एके दुपारी योगेश आला. पंपाची मोटर जळली होती, धानाची रोवणी अडली होती, म्हणून नाइलाजाने. मला 'किती दिवस लागंन' एवढंच विचारलं. दुकानात सीडी सुरू होती आणि 'फाटक' नेमकं लागणार होतं. मी बंद करायला उठलो.

'राहू दे,' तो म्हणाला. 'आयकू दे, काय केलं तुम्ही.'

मी हात मागे घेतला. तो उभाच होता. ओळ आली. मला ऐकू आलं 'थांबलो आहे' आणि टपली. पण मी बघत होतो त्याच्या ओठांकडे. समीरसोबत त्याचे ओठ हलत होते, न आवाज करता, आणि जिथे माझी टपली पडते तिथे त्याचा शब्द पुरा होत होता.

गाणं संपेपर्यंत तो हलला नाही. मग म्हणाला, 'तं ठेवला तुम्ही माहा शब्द.' डोळे भरले होते, त्याने लपवले नाहीत. 'पोट्टा चांगला गाते. प्रशांतले सांगजो, मंडईले मी येतो म्हना.'

मी मान हलवली आणि त्याची मोटर उघडायला घेतली.

संध्याकाळी प्रशांतला सगळं सांगितलं. तो गिटारची तार उगाच पिळत ऐकत होता. शेवटी म्हणाला, 'त्याला खरं सांगू नको.' त्या वर्षी मंडईत योगेश आणि समीर दोघे एकत्र गायले. प्रशांतने समीरकडून जुना शब्द आधीच पाठ करून घेतला होता. टपलीला जागा उरली नाही आणि मला तिची आठवणही झाली नाही. योगेशची आई अगदी पुढे बसली होती.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी जाणकारांना विचारलं, कानाच्या डॉक्टरांनाही विचारलं. ज्याने-त्याने काहीतरी सांगितलं, पण त्यातलं काहीच बँकेतल्या मॅडमना लागू पडत नाही. तुमच्यापैकी कोणाला उलगडा झाला तर जरूर कळवा, पण मला एकट्याला कळवा. योगेश अजून आमच्यासोबत गातो आणि शेतातही गातो. दुपारी दुकानात गप्पा मारायला येतो तेव्हा मी दुसरं काहीही लावतो. ती सीडी काउंटरच्या आतल्या खणात, तारेच्या रिळांखाली ठेवली आहे. मला अजूनही त्यात 'थांबलो आहे'च ऐकू येतं... आणि एखाद्या दिवशी त्यालाही तसंच ऐकू आलं तर, याची मला भीती वाटते.