ह्यांच्या शेजारची सीट

आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. सगळा जन्म घाटांत गाडी चालवली आणि कुणाला साधं खरचटूसुद्धा दिलं नाही, हे खरं आहे आणि ते मला रोज ऐकवलं जातं. मुलगा आणि सून कामाला ठाण्याला जातात. त्यामुळे शाळा सुटल्यावर नातीला घरच्या गाडीतून कल्याणहून डोंबिवलीला पोहायला न्यायचं काम ह्यांनी आपणहून अंगावर घेतलं.

मग डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं सांगितलं. ऑपरेशन करून टाका, म्हणाले. हे म्हणाले, "आधी पिकू दे की." डॉक्टरांनी परोपरीने समजावलं की हल्ली पिकायची वाट बघत नाहीत, तो काळ गेला. मग ह्यांना उन्हाळा आडवा आला, उकाड्यात डोळ्याला हात लावायचा नसतो म्हणे. नंतर पावसाळा, त्यात जखम चिघळते. थंडीत करू म्हणाले, तर थंडीत गावची जत्रा निघाली. मोतीबिंदू म्हणजे काय हापूस आहे, अढीत घालून पिकवायला?

तोवर दोष सगळ्या जगाचा. समोरच्या पोरांनी लाइट फार प्रखर लावलेत, काच धड पुसलेली नाही, चष्मेवाल्याने नंबर चुकीचा दिला. नाचता येईना, अंगण वाकडं! मी मुलाच्या कानावर घातलं. बापलेकांची चांगलीच जुंपली आणि शेवटी मुलाने तोडगा काय काढावा? "आई, तू पुढे बस त्यांच्या शेजारी. लक्ष ठेव." मला सायकलसुद्धा येत नाही. धन्य ते दोघे!

बरं, ह्यांना सूचना दिलेली खपत नाही. "ब्रेक मारा" म्हटलं की, "गाडी तू चालवतेस का मी?" म्हणून मी गप्पा मारायला शिकले. सिग्नल लाल दिसला की म्हणायचं, "बिचारी माणसं, किती वेळ उन्हात थांबलीत बघा." गतिरोधक आला की, "परवा रिक्षात इथेच माझी कंबर धरली हो." हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि वेग कमी करायचे. बोलून बोलून माझ्या घशाला कोरड पडायची, आणि उतरताना वर टोमणा, "काय बडबडतेस गं तू."

खरं म्हणजे हे रस्ता बघत नव्हतेच, आठवत होते. पत्रीपुलापासून पुढचा एकेक खड्डा त्यांना पाठ. पण शीळ रस्त्यावर मेट्रोचं काम चाललंय. काल जिथून वळलो तिथे आज पत्रे उभे. एका दुपारी हे सवयीने सरळ त्या पत्र्यांवरच निघाले. मी किंचाळले, "अहो, पत्रा!" गाडी कशीबशी थांबली, मागे नातीचं डोकं सीटवर आपटलं. आणि हे माझ्यावरच उखडले. "तुझ्या ओरडण्याने माणूस दचकतो. उद्यापासून गाडीत एक शब्द काढायचा नाही. नाहीतर घरी बस."

घरी बसणं शक्य नव्हतं, कारण मागच्या सीटवर माझी नात असणार होती. पण माझंही डोकं फिरलं होतं. म्हटलं, नाही ना बोलायचं? मग नाहीच बोलत. चालवा तुमची एसटी.

दुसऱ्या दिवशी मी ओठ घट्ट मिटून पुढे बसले. हे पार्किंगमधून गाडी काढत होते. नात शाळेच्या बसमधून उतरली होती आणि सोसायटीच्या गेटच्या आत, अगदी वाटेच्या मधोमध उभी राहून आम्हाला हात करत होती. ह्यांनी हॉर्न वाजवला. आजोबा गंमत करतायत असं वाटून ती तिथल्या तिथे उड्या मारायला लागली. ह्यांनी पुन्हा हॉर्न वाजवला आणि करवादले, "कुणाची कार्टी आहे ही? बाजूला व्हायचं कळत नाही?"

गाडी पुढे सरकतच होती. हँडब्रेक कसा ओढतात ते सुनेने मला एकदा दाखवलं होतं. मी तो दोन्ही हातांनी ओढला. गाडी गचका देऊन बंद पडली.

नात धावत ह्यांच्या खिडकीशी आली. "आजोबा, कसला हॉर्न मारताय! चला ना, लेट होतंय."

हे तिच्याकडे नुसते बघत राहिले. आवाजावरून ओळखलं असावं. मग माझ्याकडे वळून चढ्या आवाजात म्हणाले, "अगं, तू बोलली का नाहीस?"

असा संताप आला मला! वर्षभर बोलून बोलून जीव अर्धा झाला माझा, आणि आता हे विचारतात. चांगलं खडसावणार होते. पण त्यांचा चेहरा बघितला आणि तोंडातून एवढंच निघालं, "मला वाटलं, ती तरी दिसेल."