मुद्देमालातला आवाज

पोस्टात पार्सलावर लाख वितळवली, की तो वास मला रत्नागिरीतल्या त्या कॅसेटच्या दुकानात नेतो. पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. दादा बोटीवर नोकरीला होता, तिथेच वारला. जाण्याच्या महिनाभर आधी त्याने पाठवलेली कॅसेट आई रोज लावायची. फीत झिजेल म्हणून मी ती कॉपी करायला दिली होती. आणायला गेले, तर एरवी गाण्यांनी दणाणणारं दुकान चिडीचूप आणि आत पोलीस. परवानगीशिवाय सिनेमाची गाणी भरून विकतो म्हणून दुकानदारावर केस झाली होती, सगळ्या कॅसेटी पोत्यात भरत होते. दादाने गाण्यांच्या जुन्या कॅसेटवरच आवाज भरलेला, वर लेबल गाण्यांचंच. "साहेब, त्यात गाणी नाहीत, माझा भाऊ बोलतोय. वाजवून बघा ना!" हवालदार हळूच म्हणाले, "बाय, आता हा मुद्देमाल. कोर्टातून सोडवून घे." आणि पोत्याच्या गाठीवर त्यांनी लाखेचं सील केलं. केस रेंगाळली, आई गेली, पोतं काही सुटलं नाही. "आये, कलमांना मोहर आला काय गो?" हे त्यातलं पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे. कधी कधी मोठ्याने म्हणून बघते. पण ऐकू येतो तो माझाच आवाज.