गर्दी व्हायच्या आत

बाबांना एकच गोष्ट बघायची होती: एका गाडीने वळणावर दुसरीला मागे टाकलेलं. नव्या गाड्यांचे कारखाने इकडे दिल्लीजवळ निघाले तेव्हा ते पुण्याहून आले आणि मानेसरमध्ये निवृत्तीपर्यंत ब्रेक बनवत राहिले. ग्रेटर नोएडाला रेसचा ट्रॅक झाल्यावर त्यांनी मला हट्टाने लांब सरळ रस्त्याच्या टोकाची तिकिटं काढायला लावली. "सगळे इथेच ब्रेक मारणार," म्हणाले.

गेटवर डबा काढून घेतला, त्यामुळे आईचं डोकं आधीच फिरलेलं. गाड्या रांगेने येत आणि रांगेनेच जात.

"यांना पुढे जाताच येत नाही का?" मी वैतागून विचारलं.

बाबांनी दोन्ही तळहात एकामागे एक धरले. पुढची गाडी हवा घुसळून टाकते. मागचीला वळणावर रस्त्याशी दाबून धरणारी हवाच पुरेशी मिळत नाही. ती घसरते, तिचे टायर तापतात. म्हणून ड्रायव्हर जरा अंतर ठेवतो, आणि मग सरळ रस्त्यावर गाठणं काही जमत नाही.

"पण एखादा जमवतोच. बघ तू."

आई घड्याळ बघत होती. लग्न असो, मंडळाचं नाटक असो, गर्दी व्हायच्या आत निघायचं हा आमच्या घरचा कायदा. लहानपणी मी एकाही नाटकाचा शेवट पाहिलेला नाही.

"अहो, चलो आता. नंतर जाममध्ये अडकू."

"अच्छा, दोन मिनिटं," बाबा म्हणाले आणि उठले. ते कायम असंच म्हणत आणि उठत.

पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडलं, तोच मागे अख्खं स्टँड ओरडलं. बाबा एक पाय आत, एक बाहेर, तसेच थांबले.

"झालं वाटतं," एवढंच म्हणाले. मला इतकं वाईट वाटलं की किल्ली लावायलाही सुचेना. रस्ता मात्र बिल्कुल मोकळा मिळाला, म्हणून आई खूश.

पुढच्या वर्षी बाबांचा गुडघा आडवा आला. नंतर रेसच यायच्या बंद झाल्या, आणि मग बाबाही गेले.

परवा मी मंडळाच्या नाटकाला आईला घेऊन गेले होते. पडदा पडला, लोक उठले, दिवे लागले. मी म्हटलं, "चल आई, गर्दी होईल."

"होऊ दे," ती रिकाम्या रंगमंचाकडे बघत म्हणाली. "त्या दिवशी बसू द्यायला हवं होतं गं त्यांना."