शाळेच्या मागची भिंत

इस्पितळाच्या शिवणखोलीत चादरी शिवून शिवून ताईंच्या बोटाला घट्टा पडला होता, आणि बायबलची वचनं पाठ करून करून जिभेला धार आली होती. पाठीमागे लोक त्यांना ‘वचनबाई’ म्हणत. कुणी नुसतं शिंकलं तरी बाई एक वचन काढतील, अशी थट्टा चाले. त्यांनी लग्न केलं नाही. आईबाप गेल्यावर धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं. तो गवंडी झाला आणि त्यांच्या प्रॉटेस्टंट घरात कॅथलिक मुलगी लग्न करून घेऊन आला. ताईंनी नाक मुरडलं; पण वहिनी कामाला वाघ आणि बोलायला कमी, म्हणून एका छपराखाली दोन प्रार्थना निभावून गेल्या.

भाऊ छातीच्या दुखण्यानं गेला. तेव्हापासून वहिनी रोज संध्याकाळी मेणबत्ती लावून त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करू लागली. ताईंना राहवेना.

“वहिनी, तो प्रभूजवळ पोचलाय. आता मागणं कसलं मागतेस? मेल्यावर आत्मा धुऊन काढायचं ते तुमचं शुद्धिस्थान शास्त्रात कुठं आहे, दाखव मला.”

“मला नाही दाखवता येणार, ताई. पण शेवटच्या तापात ते सारखं ‘भिंत, भिंत’ म्हणत होते. एवढं ओझं घेऊन गेलेला माणूस थेट उजेडात कसा उभा राहील? आधी कुणी त्याला धुवायला नको?”

कुठली भिंत, हे ताईंना ठाऊक होतं.

बारा वर्षांपूर्वी भाऊ शाळेच्या मागची भिंत बांधून घरी आला तेव्हा ताटाला हात न लावता बसला होता. ठेकेदाराची घाई, सिमेंट कमी, वाळूत माती. “ताई, ती पाडायला हवी. मी जाऊन सांगतो.” काम जाईल, नाव जाईल, या भीतीनं ताईंनी त्याला अडवलं होतं, आणि तेही वचनाच्या आधारानं. “तुझं पाप प्रभूनं वाहिलंय. झालं गेलं विसर.” लहानपणापासून ऐकत आलेला भाऊ तेव्हाही ऐकला. पण त्या रस्त्यानं तो पुन्हा कधी गेला नाही.

त्या रविवारी, चर्चमध्ये ताई घेत त्या बायकांच्या बायबल-वर्गात, प्रेषित पौलाच्या पत्रातला पायाचा उतारा आला. पायावर कुणी सोनं रचतो, कुणी गवत. शेवटी आग प्रत्येकाचं काम पारखते. काम जळालं तरी माणूस वाचतो, पण आगीतून निघाल्यासारखा. दरवर्षी ताई ठासून सांगत, “इथं शुद्धिस्थान नाही. पारख कामाची आहे, माणसाची नव्हे.” यंदा ‘गवत’ या शब्दावर त्या थबकल्या. गवत भावाचं होतं खरं, पण ते तसंच राहू दे म्हणणारी कोण? त्यांनी पुस्तक मिटलं, बायकांना घरी पाठवलं आणि येऊन वहिनीला सगळं सांगितलं.

“बारा वर्षं!” वहिनी म्हणाली. “मी त्यांच्या शेजारी निजत होते, ताई, आणि मला ठाऊक नाही!” ती आत गेली. ताईंना वाटलं, आता ही बोलायचीही नाही. पण वहिनी चपला घालून बाहेर आली. “चला. भिंत बघायला.”

भावाच्या जोडीदार गवंड्याला त्यांनी सोबत घेतलं. भिंतीच्या सावलीत वर्ग भरे; तिला लागूनच मुलांचे बाक होते. गवंड्यानं सांध्यात सळई खुपसली, तसा माल पिठासारखा गळला. “वरून ठणठणीत, आतून भुसा,” तो म्हणाला. मुख्याध्यापिकेनं लगेच वर्ग दुसरीकडे हलवला.

सुट्टीत भिंत पाडली. दोरानं एकदाच ओढली, तर सबंध आडवी झाली. नवीन बांधताना वहिनीनं पाणी वाहिलं आणि चौसष्ट वर्षांच्या ताईंनी वाळू चाळली. चाळतानाही दोघींचा शुद्धिस्थानाचा वाद चालूच.

थापी थांबवून जोडीदारानं विचारलं, “मग आता तो सुटला म्हणायचं का?”

“मी मागत राहणार,” वहिनी म्हणाली.

“तो केव्हाच सुटलाय,” ताई म्हणाल्या. “हे माझ्यासाठी चाललंय.”

पुढच्या रविवारी ताईंनी बायकांच्या वर्गात उभं राहून आपली करणी सांगितली. चर्चचे पाळक म्हणाले, “तुमची शिकवण बरोबरच होती, बाई. हे कशाला उकरलंत?” ताई म्हणाल्या, “शिकवण बरोबर होती, म्हणूनच मी तिच्याआड लपू शकले.” दोघीतिघी यायच्या बंद झाल्या. बाकीच्या येत राहिल्या.

थंडीत वहिनीला ताप आला, घसा बसला. संध्याकाळी तिनं खुणेनं मेणबत्ती दाखवली आणि कशीबशी म्हणाली, “ताई, आज तुम्ही म्हणाल?”

ताई तिच्या उशाशी येऊन बसल्या. “त्याच्यासाठी मागणार नाही मी,” त्या म्हणाल्या. “आभार मानते.” मग डोळे मिटून त्यांनी भावासाठी देवाचे आभार मानले. त्याच्या खरबरीत हातांसाठी, बेसूर गाण्यासाठी, आणि त्या दिवशी न जेवता बसलेल्या त्याच्या मनासाठी.

वहिनीनं बसल्या आवाजात ‘आमेन’ म्हटलं.