कापराचा रेणू

ताऱ्यांमधल्या गार अंधारात सजीवांना लागणारे साधेसुधे रेणू आपोआप तयार होतात. ते कसे, हे मी नागपुरात एका कॉलेजच्या तळघरात शोधत होते. पिंपाएवढ्या स्टीलच्या भांड्यातली हवा उपसायची, आतली चकती अवकाशाइतकी गार करायची, तिच्यावर मिथेनॉल आणि अमोनियाचा बर्फ धरवायचा आणि त्यावर अतिनील प्रकाश सोडायचा. घरचे म्हणत, एवढं शिकून बर्फच बनवतेस ना? मी जाम चिडायचे.

शेवटचा प्रयोग राहिला होता. महिनाअखेरीस फेलोशिप संपणार होती आणि भांडं दुसऱ्या विद्यार्थ्याकडे जाणार होतं. यात काही निघालं तर प्रबंध, नाहीतर पाच वर्षं पाण्यात.

दसऱ्याची सुट्टी संपवून आले आणि प्रयोग लावला. बर्फात कोणते रेणू तयार झाले ते दाखवणाऱ्या आलेखावर एक उंच, अनोळखी टोक आलं. मी तळघरात एकटीच नाचले, माझ्या मार्गदर्शक सरांना फोनसुद्धा केला. मग संगणकातल्या यादीशी ते टोक जुळवून पाहिलं. उत्तर आलं, कापूर.

प्रयोगशाळेचे शिपाईकाका व्हरांड्यात बसले होते. "काका, मशीनजवळ कापूर जाळला होता का?"

त्यांचा चेहरा फुलला. "जाळला ना! खंडेनवमीले सारेच आपापल्या मशिनीची पूजा करतात. तुम्ही साफसफाईसाठी झाकण उघडं ठेवून गावाले गेल्या होत्या. म्हटलं, आतूनच ओवाळून देतो. बिचारं वर्षभर थंडीत राहते."

आतल्या भिंतींवर बसलेला कापूर घालवायला, भांडं तापवून पुन्हा स्वच्छ करायला तीन आठवडे लागतात. माझ्याकडे आठ दिवस होते. ओरडायला मी तोंड उघडलंही होतं.

"तुमचं काम फत्ते व्हावं म्हणून नारळ फोडला," ते म्हणाले. "झालं ना मंग?"

राग तर डोक्यात गेला होता, पण तो काढायचा कुणावर? ज्या माणसाने माझ्यासाठी हात जोडले, त्याच्यावर? झाकण तर मीच उघडं टाकलं होतं.

"झालं, काका," मी म्हणाले.

आत जाऊन सरांना मेल लिहिला. आकडे बाद समजावेत, भांडं साफ ठेवण्यात माझी चूक झाली. मेल पाठवून मान वर केली तर काका चहा घेऊन दारात उभे होते, हसत. मला धड रडताही येईना.